मागचं डावं चाक

“एक तरी बुडबुडा दाखवा, नूरभाई,” मी म्हणाले.

नूरभाईंनी फुगवलेली ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात पुन्हा दाबली आणि हळूहळू फिरवायला घेतली. गडहिंग्लजच्या एसटी स्टँडासमोर त्यांची पंक्चरची टपरी होती. ते, मी आणि माझा दिनकरमामा असे आम्ही तिघं त्या पाण्याकडे टक लावून बसलो होतो. ट्यूबचा पुरा एक फेरा झाला. पाणी गढूळ होतं, पण बुडबुडा आला असता तर नक्की दिसला असता. तो काही आला नाही.

“पंक्चर न्हाईच, ताई,” नूरभाई म्हणाले. “मागल्या खेपंलाबी न्हवतं. तरी तुमच्या आप्पांनी नवी ट्यूब घालाय लावली. आता ही नवीबी तशीच, ठणठणीत.”

“नळीच्या तोंडातून जात असेल. तिथं बघा की.”

त्यांनी बोटाला थुंकी लावून ती हवा भरायच्या नळीच्या तोंडावर चोपडली. तिथे हवा निसटत असती तर थुंकीला फुगा आला असता. थुंकी होती तशीच राहिली.

“मग हवा जाते कुठं?”

“ते तुमच्या मामास्नी इचारा. गाडी ते चालवत्यात.”

मामा उकिडवा बसला होता. त्या नळीचं टोपण त्याच्या मुठीत होतं आणि तो ते बोटांनी नुसतं फिरवत होता. बोलायची वेळ आली की मामा असाच काहीतरी चाळा करत बसायचा.

आमची गाडी म्हणजे जुनी फियाट, साय फासल्यासारख्या रंगाची. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेतली तेव्हाच ती दोन मालकांच्या हाताखालून आलेली होती. आमची पिठाची गिरणी होती आणि गाडी लग्नांना जायची. त्या काळी आमच्याकडे नवरदेवाला मोटारीतून न्यायचं म्हटलं की आजूबाजूच्या गावांतली माणसं सरळ हिंदुराव चौगुल्यांच्या दारात यायची. आप्पांना गिरणीपेक्षा गाडीचा अभिमान जास्त. “माझ्या गाडीत बसलेला नवरदेव कधी वाटंत उतरलेला न्हाई,” असं ते चारचौघांत मिशीवरचं पीठ झटकत सांगायचे.

त्या उन्हाळ्यात तो उतरला. नेसरीच्या लग्नात वरात निघायच्या वेळी मागचं डावं चाक पार बसलेलं. नवरा-नवरीला खाली उतरवून बाजूच्या ओट्यावर बसवलं आणि चाक बदलेपर्यंत वाजंत्री नुसतीच वाजत राहिली. पुढच्या हलकर्णीच्या लग्नात तेच, आणि आता कडगावच्या लग्नातही तेच. दर वेळी तेच चाक. गावात कुजबुज सुरू झाली की चौगुल्यांच्या गाडीला काहीतरी लागलंय. लग्नाच्या गाडीबद्दल एकदा असं बोललं गेलं की संपलंच, मग ती गाडी कोण नेणार?

नूरभाई ट्यूब पुसत होते तेवढ्यात आप्पाच टपरीवर येऊन उभे राहिले. गिरणीतून तसेच आले होते, भुवया पांढऱ्या झालेल्या.

“काय निघालं?”

“काय न्हाई, आप्पा,” नूरभाई म्हणाले.

आप्पांनी मामाकडे बघितलं. “दिनकर, खरं सांग. परत सुरू केलंस काय?”

“न्हाई दाजी.”

“मग गाडी धोंड्यांवर घालतोस?”

“न्हाई.”

“मग चाक काय आपणहून बसतंय? एरवी गाडी आठ-आठ दिवस दारात उभी असते, तवा बरं बसत न्हाई? लग्नातच कसं बसतंय?”

मामा खाली बघत राहिला. रस्त्यावरची दोन माणसं थांबून ऐकायला लागली होती.

“शनवारी महागावचं लग्न हाय,” आप्पा म्हणाले. “त्या दिवशी चाक बसलं की किल्ली माझ्या हातात द्यायची आन् आपली वाट धरायची. मागली खोली मला पोती ठेवायला लागतीया.”

एवढं बोलून ते गेले. मामाने टोपण खिशात टाकलं आणि चाक उचलून डिकीत ठेवायला लागला. मला त्याचा राग आला. कुणी एवढं अंगावर आल्यावर माणूस दोन शब्द तरी बोलतो.

दिनकरमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. पूर्वी ट्रक चालवायचा आणि दारू प्यायचा. आंबोलीच्या घाटात त्याचा ट्रक उलटला. त्यात तो वाचला, पण त्याच वर्षी मामी गेली आणि तो रस्त्यावर आला. आई जाऊन त्याला घेऊन आली. आप्पांनी त्याला मागची खोली दिली, गाडी दिली आणि एकच अट घातली, थेंबालाही शिवायचं नाही. तेव्हापासून मामाने शिवलं नव्हतं. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण संध्याकाळी अंगणात गप्पा मारत बसायला त्याला मी आणि मला तो, एवढीच माणसं होती. आमच्या घरातून मामा गेला असता तर त्याला जायला दुसरं ठिकाण नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या घरात करमलं नसतं.

म्हणून मी ठरवलं की शनिवारच्या आत हे चाक का बसतं ते शोधायचंच.

मी गावातल्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. परीक्षानळ्या धुणं, आम्लाच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवणं, पोरांनी तापवलेली काच गार होईपर्यंत ओरडत राहणं, हे माझं काम. पण कशाचंही कारण सापडेपर्यंत मला चैन पडत नाही, ही खोड जुनी. लहानपणी मी आप्पांचं गजराचं घड्याळ उघडून बघितलं होतं आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता.

पहिलं काम केलं ते असं. ते चाक परत गाडीला लावून गाडी दारात उभी केली आणि मागच्या डाव्या टायरवर जमिनीपासून वितीच्या उंचीवर खडूने रेघ मारली. हवा कमी झाली की टायर पसरणार आणि रेघ खाली येणार. रोज सकाळ-संध्याकाळ मी जाऊन वाकून बघायची. रेघ जागची हलली नाही.

“काय करालीस गं?” आईने विचारलं.

“चाकाचा ताप बघतेय.”

“बघ बाई. त्यापायी माझ्या भावाचं काय व्हायची वेळ आली.” आईचे डोळे भरून आले. “दिनकर खोटं बोलणार न्हाई, मालन. आन् तुझे आप्पा तर ऐकंनात. शनवारी मी गाडीची पूजा आणखी मनापासून करीन. दुसरं काय हाय माझ्या हातात?”

पूजा आईच करायची. लग्नाला गाडी निघायच्या दिवशी सकाळी ती गाडी धुऊन घ्यायची, पुढे नारळ फोडायची, चारी चाकांना हळद-कुंकू लावायची. आप्पांना असल्या गोष्टींचा कंटाळा. गाडीला पेट्रोल लागतं, कुंकू लागत नाही, असं ते म्हणायचे. पण अडवायचे नाहीत.

गाडी उभी असताना हवा जात नाही हे कळलं. मग लग्नाच्या दिवशी वेगळं काय असतं? वजन असतं. नवरदेव, करवली, तिची पोरं, शिवाय आहेराची पातेली, सगळं मागच्या सीटवर. मी गिरणीतली गव्हाची पोती मागे भरायला लावली आणि मामाला म्हटलं, “चल, कडगावला जाऊन येऊ.”

“पोती घिऊन?” मामा म्हणाला. “लोक म्हणतील चौगुल्यांनी गव्हाचं लगीन लावलं.”

“म्हणू देत. चल.”

गेलो आणि आलो. वाटेत मी दोनदा गाडी थांबवून रेघ बघितली. परत आल्यावरही रेघ होती तिथेच. वाटेत मामा एकदा म्हणाला, “मालन, तू ह्याच्या मागं कशाला लागलीस? जे हुईल ते हुईल.”

“तुला घरातून जायचंय का?”

“कुणाला जावंसं वाटंल?”

“मग सांग की. तुला काही माहीत आहे का?”

त्याने गिअर बदलला आणि पुढे आलेल्या बैलगाडीला उगाच हॉर्न दिला. बैलगाडी कधीचीच बाजूला झाली होती. तेव्हाच मला संशय आला की मामाला काहीतरी माहीत आहे आणि तो ते गिळून बसलाय.

वजन नाही, रस्ता नाही. ट्यूब नाही, नळीही नाही. चालवणारा तर तोच. शुक्रवारी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी एकेक कारण खोडत गेले आणि शेवटी हातात एकच उरलं, पूजा. मला हसू आलं. हळदीने भोक पडतं असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. पण बाकीचं सगळं खोडल्यावर जे उरतं ते बघायचं असतं, कितीही वेडगळ दिसलं तरी. हे मी पोरांना रोज सांगायची.

शनिवारी सकाळी मी चहाची कपबशी घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. आई पूजेचं ताट घेऊन अंगणात आली. गाडीच्या नाकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, पाणी दोन्ही बाजूंना शिंपडलं. मग एकेका चाकाला हळद-कुंकू. पुढची दोन चाकं भराभर झाली, मागचं उजवंही झालं. मागच्या डाव्या चाकापाशी ती खाली बसली. तिची पाठ माझ्याकडे होती, पदर डोक्यावरून घेतलेला. तिचा उजवा कोपर थोडा थोडा हलत होता, बरणीचं झाकण फिरवताना हलतो तसा. नंतर ती बराच वेळ हात जोडून बसली. चाकाला इतका वेळ नमस्कार करणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

ती उठून आत आली तशी मी मागच्या दाराने अंगणात गेले आणि त्या चाकापाशी कान नेला.

अगदी बारीक आवाज येत होता. सूंऽ. एरवी कुणाला ऐकू आला नसता. मी बोट ओलं करून टोपणाच्या कडेला लावलं आणि तिथे मोहरीएवढा फुगा धरला, फुटला, पुन्हा धरला. हवा इथून जात होती! मी टोपण फिरवून काढलं आणि आवाज बंद झाला. टोपण लावलं, आवाज सुरू. काढलं, बंद. टोपण हवा अडवायला असतं, आणि इथे टोपण लावल्यावरच हवा जात होती.

मी टोपण उलटं करून आत बघितलं. तळाशी तांदळाचा एक दाणा चिकटला होता, हळद-कुंकू लावलेला. अक्षता.

हवेच्या नळीच्या आत मधोमध एक बारीक पिन असते. ती दाबली की हवा सुटते, सोडली की बंद होते. टोपण घट्ट फिरवलं की आतला दाणा त्या पिनेवर टेकत होता आणि तिला केसभर दाबून धरत होता. सकाळी लावलेलं टोपण दुपारपर्यंत चाक बसवायला पुरेसं होतं. आणि पंक्चर काढायला नेलं की कुणीही पहिलं काम काय करणार, तर टोपण काढणार. टोपण काढलं की दुखणं पळालं. नूरभाईंनी जन्मभर पाण्यात बघितलं असतं तरी बुडबुडा आला नसता.

मला ओरडावंसं वाटत होतं. सापडलं! मी वळले तर मागे मामा उभा. धुतलेला पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, लग्नाला जायच्या तयारीत.

“टोपण लाव परत,” तो हळू म्हणाला.

“मामा, आत काय आहे बघ तरी!”

“ठाव हाय काय हाय ते. लाव परत.”

“तुला माहीत होतं? कधीपासून?”

“नेसरीपास्नं. चाक बसलं म्हणून हवा माराय गेलो, टोपण काढलं, तर हातात दाणा आला.”

“मग काढून का टाकला नाहीस? आप्पांना का सांगितलं नाहीस? भर रस्त्यात तुझी अब्रू गेली आणि तू गप्प!”

मामाने ओसरीकडे बघून घेतलं. तिथे कुणी नव्हतं.

“पहिल्यांदा मलाबी कळंना. मग हलकर्णीच्या लग्नादिवशी सकाळी मी गाडीत बसून काच पुसत हुतो. आक्काला मी दिसलो न्हाई. चाकाजवळ बसून ती देवाला सांगत हुती. माझ्या मालनची गाडीबी अशीच निघू दे, म्हणाली. आज ज्या मांडवात हे चाक जाईल, त्या मांडवात माझ्या लेकीच्या नावानं एक अक्षता पडू दे.”

माझा हात आपोआप गळ्याशी गेला.

माझ्या गळ्यावर कोड होतं, हनुवटीच्या खाली तळहाताएवढं. सुरुवातीला बघायला येणारी माणसं पोहे खाऊन जायची आणि ‘कळवतो’ म्हणायची. नंतर यायचीही बंद झाली. माझी तिशी उलटली होती. मी त्यातून बाहेर पडले होते, निदान मला तसं वाटायचं. आप्पांनी तर तो विषयच बंद केला होता. कुणी काढला तर “नोकरी हाय, स्वतःच्या पायावर उभी हाय, कुणाचं अडलंय?” असं म्हणून ते सरळ उठून गिरणीत जायचे. घरात कुणीच त्याबद्दल बोलत नव्हतं, म्हणून मी समजले होते की कुणाच्या मनातही ते उरलेलं नाही.

“मग तू काय करायचास?” मी विचारलं.

“मांडवाजवळ गाडी लावली की टोपण उघडून दाणा काढून घ्यायचा. मंगलाष्टकं संपताना सगळ्यांबरूबर तो नवरा-नवरीवर टाकायचा. आक्काला तेवढंच पायजे हुतं न्हवं? हवा कमी झालेली असायची, ती पायपंपानं मारायची. पण कवा माणसं गाडीला वेढा घालून उभी असत्यात, कवा करवली आतच बसून ऱ्हाती. मग जमत न्हाई. दोन डावा जमलं न्हाई.”

“टोपण थोडं सैल लावायचं ना!”

“लावलं हुतं. वाटंत पडलं. दाणा गेला.” हे सांगताना त्याचा चेहरा एवढा पडला की चाक बसल्याचं दुःख त्यापुढे काहीच नसावं.

“आणि आईलाच का नाही विचारलंस? ती तुझ्या हातात दाणा देऊन मोकळी झाली असती.”

“मनातलं मागणं बोलून दाखवलं की फळत न्हाई, मालन. तिनं कुणाला सांगितलेलं न्हाई. मग मला ठाव हाय असं मी तिला कसं सांगू?” त्याने माझ्या हातातलं टोपण घ्यायला हात पुढे केला. “तुला मांडवात हाताला धरून आणायचा मान माझा हाय. एवढाच मान उरलाय मला. दे हिकडं, उशीर हुतोय.”

“आज चाक बसलं तर तुला घर सोडावं लागेल!”

“मग सोडीन.”

मला संताप आला, आईचा, त्याचा, त्या एवढ्याशा दाण्याचा. मी टोपण देत नव्हते आणि तो हात मागे घेत नव्हता. आम्ही दोघं लहान पोरांसारखे त्या टोपणावर झगडत होतो तेव्हा मागून ताटाचा आवाज झाला. आई फोडलेल्या नारळाचं खोबरं घेऊन बाहेर आली होती. ती कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. तिने माझ्या हातातलं टोपण बघितलं, मग भावाकडे बघितलं.

“त्यानं हवा जाती व्हय?” तिने विचारलं.

मी मान डोलावली.

“नेसरीला? हलकर्णीला? सगळीकडं?”

“आक्का, काय झालेलं न्हाई, तू आत जा,” मामा म्हणाला.

आई आत गेली नाही. ती तिथेच गाडीला टेकून खाली बसली. “तुझे आप्पा म्हणायचे, चाकाचा जीव त्या नळीत असतोय. म्हटलं जीव हाय तिथंच अक्षता ठेवावी. माणसाला दिसणार न्हाई, पायाखाली यायची न्हाई.” ती पदराने तोंड दाबून रडायला लागली. “लेकीसाठी मागत हुते, आन् सख्ख्या भावाला घराभायेर काढाय निघाले हुते मी.”

“काय चाललंय सकाळ सकाळी?”

आप्पा ओसरीच्या पायरीवर उभे होते. धोतर, कोट, फेटा, सगळा थाट. महागावच्या लग्नाला ते स्वतः गाडीतून येणार होते, चाकावर नजर ठेवायला.

मामा पुढे झाला. “काय न्हाई दाजी, चाकाला जरा—”

“तू गप बस,” आई म्हणाली आणि उठून उभी राहिली. आप्पांशी ती अशी सरळ बघून बोलल्याचं मला आठवत नाही. “चाक मी बसवत हुते. ह्याचा काय दोष न्हाई. मालनच्या नावाची अक्षता मी त्या टोपणात घालत हुते, दर लग्नाला. ह्याला ठाव हुतं. ठाव असून ह्यानं तुमच्या शिव्या खाल्ल्या. आता काढा कुणाला घराभायेर काढायचं ते.”

आप्पा पायऱ्या उतरून आले. मी तळहात पुढे केला आणि दाणा दाखवला. त्यांनी तो घेतला नाही, नुसता बघितला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून मामाकडे वळवली.

“तू बोलला का न्हाईस?”

“बोललो असतो तर तुमी दाणा फेकून दिला असता, दाजी.”

आप्पांच्या जबड्याची शीर हलत होती. मला वाटलं, आता स्फोट होणार. पेट्रोल आणि कुंकवाचं ते पुराण पुन्हा निघणार आणि आईची पार शोभा होणार.

“अडाण्यांचा बाजार सगळा,” ते आईला म्हणाले. “नवरदेव काय चाकावर बसतोय? नवरदेव बसतो सीटवर.”

त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं, आत वाकून सीटच्या गादीखाली हात घातला आणि एका झटक्यात गादी वर उचलली. कुठे धरायची, कुठे दाबायची, हाताला नेमकं ठाऊक होतं.

गादीखाली पत्र्यावर अक्षता होत्या. एक-दोन नव्हत्या. कोपऱ्यात चांगली मूठभर साठलेली होती. वरच्या कालपरवाच्या असाव्यात, पिवळ्याधमक. खालच्या जुन्या, कुंकू उडून पांढुरक्या पडलेल्या, कित्येक लग्नांच्या.

आईने मामाकडे बघितलं. मामाने नाही म्हणून मान हलवली. मग आम्ही तिघांनीही आप्पांकडे बघितलं. गादी उचलून धरलेली तशीच होती आणि आपण काय करून बसलो हे त्यांच्या आता ध्यानात आलं होतं. त्यांचे कान लाल झाले. एवढा मोठा माणूस, फेटा बांधलेला, पण गादी खाली ठेवायचं त्याला सुचेना.

मी पुढे झाले आणि हातातला दाणा त्या बाकीच्यांत टाकला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही.

आप्पांनी गादी बसवली, वरून दोनदा थोपटली आणि पुढच्या सीटवर मामाच्या शेजारच्या बाजूला जाऊन बसले.

“दिनकर,” काचेतून समोर बघत ते म्हणाले, “गाडी काढ. नवरदेव खोळंबला असंल.”